विश्लेषण : कार्यालयांतील ‘फाइव्ह-एस’च्या कितीतरी आधी... कामातली दमणूक मोजणाऱ्या लिलियन गिलब्रेथ कोण होत्या?

बँकेच्या खिडकीमागे शिक्का शोधणारा कारकून, एकाच रुग्णाचे नाव तीन नोंदवह्यांत लिहिणारी परिचारिका, एका सहीसाठी चार टेबलांवरून फिरणारी फाइल. ही दृश्ये इतकी अंगवळणी पडली आहेत, की त्यांत वाया जाणारे श्रम कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ते लक्षात यावेत म्हणून बँका, रुग्णालये, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांत ‘लीन’ आणि ‘फाइव्ह-एस’ या मूळच्या कारखान्यांतील पद्धती आणल्या जात आहेत. अनेक ठिकाणी मात्र त्या टेबल आवरण्याच्या मोहिमेपुरत्या उरतात. कारखान्यातली ही दृष्टी दुकानात, रुग्णालयात, कार्यालयात आणि थेट स्वयंपाकघरात नेण्याचे काम शंभर वर्षांपूर्वी एका अमेरिकी महिलेने केले होते. लिलियन गिलब्रेथ हे त्यांचे नाव. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, की या पद्धती कशासाठी निघाल्या आणि कुठे भरकटतात, हे दोन्ही उलगडते.

‘लीन’ आणि ‘फाइव्ह-एस’ म्हणजे काय?

ज्या कामामुळे ग्राहकाच्या पदरात काहीच पडत नाही, ते काम शोधून कमी करायचे, हा ‘लीन’ पद्धतीचा गाभा. तिची घडण जपानच्या टोयोटा कंपनीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत झाली. ‘फाइव्ह-एस’ हा तिचा पाया मानला जातो. सेइरी म्हणजे नको ते काढून टाकणे, सेइतोन म्हणजे हवे ते हाताशी आणि ठरल्या जागी ठेवणे, सेइसो म्हणजे साफसफाई, सेइकेत्सु म्हणजे हे सगळे ठरावीक रीतीने करणे आणि शित्सुके म्हणजे ती शिस्त अंगी बाणवणे. कारखान्यात वाया जाणारा माल डोळ्यांना दिसतो. कार्यालयात तो ट्रेमध्ये पडून राहिलेल्या अर्जांच्या, दोनदा केलेल्या नोंदीच्या, चुकलेला फॉर्म परत पाठवण्याच्या आणि कागद शोधण्याच्या रूपात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधी तो दिसेल अशी सोय करावी लागते. हे दाखवण्याची साधने गिलब्रेथ दाम्पत्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत तयार केली. ‘फाइव्ह-एस’ त्यांनी शोधले असे म्हणता येणार नाही, पण त्याच्या मागचा प्रश्न त्यांनी फार आधी विचारला होता.

लिलियन यांची जडणघडण कशी झाली?

लिलियन मोलर यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एका सुखवस्तू, जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. पाठच्या भावंडांत त्या थोरल्या. स्वभावाने बुजऱ्या, पण वाचनात रमणाऱ्या. मुलींनी घर सांभाळावे, असे मानण्याचा तो काळ. त्यांना बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायचे होते, आणि वडिलांचे मन वळवून त्या शिकल्या. १९०० मध्ये पदवी घेताना त्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बोलणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १९०२ मध्ये त्यांनी इंग्रजी साहित्यात पदव्युत्तर पदवी मिळवली. पुढे आयुष्यभर ज्यांचा संबंध यंत्रे, कामगार आणि व्यवस्थापनाशी आला, त्यांचा पहिला अभ्यास नाटकांचा होता.

युरोपच्या प्रवासाला निघताना बॉस्टनमध्ये त्यांची फ्रँक बंकर गिलब्रेथ यांच्याशी ओळख झाली आणि १९ ऑक्टोबर १९०४ रोजी दोघांचा विवाह झाला. फ्रँक त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे आणि स्वभावाने अगदी उलट. बोलके, धडाडीचे, सतत काहीतरी नवे करून पाहणारे. कॉलेजचे शिक्षण न घेता ते बांधकाम व्यवसायात यशस्वी कंत्राटदार झाले होते. लग्नानंतर लिलियन यांनी त्यांच्या व्यवसायात बरोबरीने भाग घ्यायचा, हे दोघांनी ठरवले. त्यासाठी लिलियन यांनी साहित्य सोडून मानसशास्त्राकडे मोर्चा वळवला.

विटांच्या भिंतीतून ही पद्धत कशी निघाली?

फ्रँक यांनी वयाच्या सतराव्या वर्षी गवंडीकाम शिकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना एक गोष्ट खटकली. शिकवणारे गवंडी निरनिराळ्या प्रकारे वीट रचत होते. इतकेच नव्हे, तर एकच गवंडी सावकाश काम करताना एक रीत वापरी, घाईत दुसरी आणि शिकवताना तिसरी. मग यातली बरी रीत कोणती? त्यांनी प्रत्येक हालचाल वेगळी काढून पाहिली. गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकत होता, म्हणजे विटेबरोबर स्वतःच्या शरीराचे वजनही दर वेळी उचलत होता. वीट हातात फिरवून तिची चांगली बाजू शोधत होता. गारा घट्ट असल्याने थापीने वीट ठोकत होता.

फ्रँक यांनी भिंतीबरोबर वर चढवता येईल अशी परात तयार केली. विटा आणि गारा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर येतील, अशी तिची रचना होती. विटांची चांगली बाजू एकाच दिशेला ठेवून त्या मदतनिसाने आधीच लावून द्यायच्या, आणि वीट हाताने दाबून बसेल इतका गारा सैल ठेवायचा. एका विटेमागच्या १८ हालचाली साडेचारवर आल्या. तासाला सुमारे १२० विटा रचणारा गवंडी ३५० पर्यंत पोहोचला, आणि त्याची पाठही वाचली. ‘फाइव्ह-एस’मधला दुसरा टप्पा, म्हणजे हवी ती वस्तू हव्या त्या उंचीवर आणि हव्या त्या बाजूने, इथे स्पष्ट दिसतो.

लग्नानंतर या निरीक्षणाला शास्त्राची बैठक मिळाली. दोघांनी कामाचे चित्रण करण्यासाठी चलच्चित्रांचा कॅमेरा वापरला, आणि चौकटीत एक वेगवान घड्याळ ठेवले. हातांना छोटे दिवे बांधून त्यांच्या हालचालीच्या प्रकाशरेषा छायाचित्रात टिपल्या. हाताच्या कामाचे शोधणे, पकडणे, नेणे, धरून ठेवणे, थांबून राहणे असे मूलभूत घटक पाडले, आणि आपलेच आडनाव उलटे करून त्यांना ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. या यादीत शोधणे आणि थांबून राहणे यांना स्वतंत्र जागा होती, हे महत्त्वाचे. आजच्या कोणत्याही कार्यालयात सर्वाधिक वेळ खाणारे घटक हेच दोन असतात.

टेलर यांच्याशी मतभेद कशावरून झाले?

त्या काळी कार्यक्षमतेच्या क्षेत्रात फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचा दबदबा होता. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला लागणारा वेळ थांबघड्याळाने मोजायचा आणि त्यावरून दिवसाचे काम ठरवायचे, ही त्यांची पद्धत. कामगारांना ती जाचक वाटली. १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात घड्याळ लावण्यावरून संप झाला आणि पुढे अमेरिकी काँग्रेसने लष्करी कारखान्यांत या घड्याळावर बंदी घातली. गिलब्रेथ दाम्पत्य सुरुवातीला टेलर यांचे समर्थक होते, पण नंतर दोन्ही बाजूंत अंतर पडत गेले.

या वादात लिलियन यांचा वाटा मोलाचा होता. काम किती वेळात होते यापेक्षा ते कसे होते आणि करणारा किती दमतो, हे पाहायला हवे, अशी त्यांची भूमिका होती. कामगाराला विश्वासात न घेता लादलेली उत्तम पद्धतही टिकत नाही, असे त्या मानत. हा विचार त्यांनी पीएचडीसाठी लिहिलेल्या ‘द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट’ या प्रबंधात मांडला. मात्र विद्यापीठात प्रत्यक्ष राहण्याची अट पुरी न झाल्याने बर्कलीने पदवी नाकारली. १९१४ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला तेव्हा प्रकाशकाने नाव नुसत्या आद्याक्षरांत छापले. लेखिका बाई आहे हे कळू नये, हा त्यामागचा हेतू.

त्यांनी माघार घेतली नाही. कुटुंब ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे राहायला आल्यावर त्यांनी ब्राउन विद्यापीठात नवा प्रबंध लिहिला आणि १९१५ मध्ये पीएचडी मिळवली. या प्रबंधाचा विषय होता अध्यापनातला अपव्यय कसा टाळावा. यंत्रशाळेतली दृष्टी शाळेच्या वर्गात नेण्याचा हा प्रयत्न, म्हणजे सेवा क्षेत्रातले त्यांचे पहिले स्वतंत्र पाऊल. याच काळात घरावर मोठा आघातही झाला होता. १९१२ मध्ये त्यांची पाच वर्षांची मुलगी मेरी घटसर्पाने दगावली. लिलियन यांना बारा अपत्ये झाली. त्यांतली अकरा मोठी झाली.

१९१६ मध्ये दोघांचे ‘फटीग स्टडी’ हे पुस्तक आले. उभे राहून काम करणाऱ्यांना बसायला योग्य खुर्ची, कामाच्या जागी पुरेसा उजेड, ठरावीक अंतराने विश्रांती, कामगारांसाठी वाचनाची सोय असे उपाय त्यांनी सुचवले. आज हे सगळे साधे वाटते. त्या वेळी दुकानातल्या किंवा कारखान्यातल्या मुलीला बसायला खुर्ची देणे म्हणजे आळसाला उत्तेजन देणे, असे मानणारे मालक कमी नव्हते.

रुग्णालय आणि कार्यालयापर्यंत हे काम कसे पोहोचले?

फ्रँक यांनी शस्त्रक्रियांचेही चित्रण केले. शल्यचिकित्सक प्रत्येक उपकरणासाठी नजर वळवतो, ट्रेमध्ये शोधतो, उचलतो आणि पुन्हा जखमेकडे वळतो, हे त्यात दिसले. उपकरणे ठरल्या क्रमाने मांडलेली असावीत आणि परिचारिकेने मागितलेले उपकरण थेट हातात द्यावे, असे त्यांनी सुचवले. शस्त्रक्रियागृहातला आज अगदी स्वाभाविक वाटणारा हा शिरस्ता रुळण्यात त्यांच्या अभ्यासाचा वाटा मानला जातो. रेमिंग्टन या टंकलेखन यंत्रे बनवणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी वेगवान टंकलेखकांच्या बोटांच्या हालचाली टिपल्या आणि शिकवण्याच्या पद्धती तयार केल्या. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना पुन्हा काम करता यावे म्हणून कोणते काम कोणत्या हालचालींनी करता येईल, याचाही त्यांनी अभ्यास केला. १९२० मध्ये त्यावर दोघांचे पुस्तक आले.

कार्यालयांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी साधन १९२१ मध्ये आले. अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे गिलब्रेथ दाम्पत्याने ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. एखादी वस्तू किंवा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठून कुठे जातो, कुठे त्यावर काम होते, कुठे तपासणी होते आणि कुठे तो नुसता पडून राहतो, हे ठरावीक चिन्हांनी एका कागदावर काढायचे. १९४७ मध्ये याच संस्थेने काम, वाहतूक, तपासणी, थांबणे आणि साठवण अशी पाच चिन्हे प्रमाणित केली. एखाद्या अर्जाचा असा नकाशा काढला, की प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे आणि पडून राहणे कित्येक दिवसांचे, हे भांडण न करता सगळ्यांना दिसते. दोष माणसात आहे की रचनेत, या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक वेळा तिथेच मिळते.

१९२४ मध्ये काय घडले?

१४ जून १९२४ रोजी न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर स्थानकावरून घरी फोन करत असताना फ्रँक यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते तिथेच कोसळले. त्यांचे वय ५५ होते. लिलियन ४६ वर्षांच्या. घरात अकरा मुले. थोरली १८ वर्षांची, धाकटी जेमतेम दोन. फ्रँक लंडनमधील जागतिक ऊर्जा परिषदेला आणि प्राग येथील व्यवस्थापन परिषदेला जाणार होते. पाचच दिवसांनी लिलियन बोटीवर चढल्या आणि त्यांच्या जागी परिषदांना हजर राहिल्या.

परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. इतकी वर्षे संशोधनात, लेखनात आणि सल्ल्यात त्यांचा बरोबरीचा वाटा होता, तरी एकेक कंपनी करार गुंडाळू लागली. कारखान्यातल्या पुरुषांना एक बाई काय शिकवणार, हा त्यांचा प्रश्न होता. पीएचडी त्यांच्याकडे होती, फ्रँक यांच्याकडे कधीच नव्हती. पण व्यवहारात त्याला किंमत मिळाली नाही.

लिलियन यांनी दोन मार्ग काढले. पहिला म्हणजे राहत्या घरीच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले. कंपन्यांनी आपली माणसे तिथे शिकायला पाठवली. कारखान्यात बाई नको असणाऱ्यांना शिक्षक म्हणून ती चालत होती. दुसरा मार्ग अधिक दूरगामी ठरला. बाईला काय कळते, असे जिथे कुणी म्हणू शकणार नाही, ती क्षेत्रे त्यांनी निवडली. दुकानातली विक्री, बायकांच्या वापराच्या वस्तू आणि घर. कारखान्याचे दार बंद झाल्यामुळे ही पद्धत सेवा क्षेत्राकडे वळली, असे म्हटले तरी चालेल.

मेसीजच्या दुकानात त्यांनी काय पाहिले?

न्यूयॉर्कचे ‘मेसीज’ हे प्रचंड मोठे दुकान त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी तिथे काम केले. सुरुवात त्यांनी स्वतः विक्रेती म्हणून उभे राहून केली. दिवसभर उभे राहिल्यावर पाय कुठे दुखतात, गिऱ्हाईक समोर असताना माल शोधायला किती वेळ जातो, पावती करताना कुठे अडायला होते, हे त्यांना कार्यालयात बसून कळणार नव्हते. टोयोटातले अभियंते पुढे ज्याला कामाच्या जागी जाऊन पाहणे म्हणत, तेच हे. त्यांनी विक्रेत्या मुलींच्या कामाची मांडणी, उजेडामुळे डोळ्यांना होणारा त्रास, त्यांची निवड आणि प्रशिक्षण यांचा एकत्र विचार केला. सेवा क्षेत्रात माणूस आणि यंत्र वेगळे काढता येत नाही. दमलेली विक्रेती गिऱ्हाइकाशी कशी बोलेल, हाही तिथे गुणवत्तेचाच प्रश्न असतो.

१९२६ मध्ये ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ने त्यांना सॅनिटरी नॅपकिनच्या अभ्यासाचे काम दिले. ज्या विषयावर उघड बोलणेही अवघड, त्यावर त्यांनी हजाराहून अधिक स्त्रियांची मते गोळा केली. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय वस्तू सुधारता येत नाही, हा मुद्दा यातून ठळक झाला.

स्वयंपाकघर आणि घरातले टेबल यांचा यात काय संबंध?

१९२९ मध्ये ‘ब्रुकलिन बरो गॅस कंपनी’साठी लिलियन यांनी एका आदर्श स्वयंपाकघराची रचना केली. शेगडी, ओटा आणि साठवणीची जागा यांत कमीत कमी चालावे लागेल, वारंवार लागणाऱ्या वस्तू हाताशी येतील आणि ओट्याची उंची काम करणारीच्या उंचीनुसार असेल, अशी ती मांडणी होती. स्ट्रॉबेरीचा केक करून त्याची चाचणी घेतली गेली. जुन्या मांडणीत त्यासाठी २८१ पावले चालावे लागत होते, नव्या मांडणीत ४५ पुरली. कृतींची संख्या ९७ वरून ६४ झाली. पुढे ‘जनरल इलेक्ट्रिक’साठी काम करताना ओटे आणि उपकरणांची योग्य उंची ठरवण्यासाठी त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलून माहिती घेतली. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचे श्रेयही त्यांना दिले जाते. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी स्वयंपाक त्या क्वचितच करत. अकरा मुलांच्या घरात तो भार मदतनिसांवर आणि सासूबाईंवर होता.

१९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ‘आयबीएम’च्या साथीने त्यांनी तयार केलेले टेबल ठेवले गेले. घर चालवणाऱ्या स्त्रीसाठीचे हे छोटेसे कार्यालयच होते. घड्याळ, टेलिफोन, टंकलेखन यंत्र, बेरजेचे यंत्र, हिशेब आणि कागदपत्रांच्या फायली, वेळापत्रके, सगळे एका जागी बसल्या बसल्या हाती येईल असे. आज नोकरदाराच्या टेबलाची मांडणी करताना जो विचार होतो, तो इथे गृहिणीच्या टेबलासाठी झाला होता. घरकाम हेही काम आहे आणि त्याच्या व्यवस्थापनालाही जागा लागते, याची ही जाहीर कबुली होती.

महामंदीत त्यांची भूमिका काय होती?

कमी माणसांत जास्त काम, अशी कार्यक्षमतेची ख्याती. १९२९ नंतरच्या महामंदीत लाखो लोक बेकार झाले, तेव्हा या ख्यातीची टोचणी सगळ्यांनाच लागली. १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी रोजगारासाठी आणीबाणी समिती नेमली आणि तिच्या महिला विभागाची जबाबदारी लिलियन यांच्याकडे दिली. ऐपत असलेल्या कुटुंबांनी घराची रखडलेली डागडुजी आताच करून घ्यावी आणि त्यातून कारागिरांना काम द्यावे, अशी मोहीम त्यांनी चालवली. मंदीच्या आकारापुढे हा उपाय तोकडा होता. तरीही आयुष्यभर श्रम वाचवण्याचा अभ्यास केलेल्या व्यक्तीला रोजगार निर्माण करण्याचे काम करावे लागले, यातून या क्षेत्रातला मूळ पेच समोर येतो. वाचलेल्या श्रमांचे पुढे काय होते, हे ठरवले नाही, तर ते कामगाराच्या नोकरीच्या रूपानेच वसूल होतात.

१९३५ मध्ये इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून नेमले. तिथल्या अभियांत्रिकी शाखेतील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९४८ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार किंवा अपंगत्व असलेल्या स्त्रियांना घरकाम झेपेल अशा स्वयंपाकघरांच्या रचनेत त्यांनी लक्ष घातले. धडधाकट माणसाच्या चार हालचाली वाचल्या तर वेळ वाचतो. हृदयरुग्णाच्या वाचल्या तर त्याला स्वतःचे घर स्वतः चालवता येते. त्यांच्या पद्धतीचा सर्वांत निर्विवाद उपयोग हाच असावा.

जपानशी आणि आपल्याकडच्या कार्यालयांशी धागा कसा जुळतो?

हालचालींच्या अभ्यासाची माहिती जपानमध्ये लवकर पोहोचली होती. योइची उएनो यांनी १९२० च्या सुमारास ‘लायन’ दंतमंजनाच्या बांधणी विभागात असा अभ्यास केला. पुढे १९५५ पासून टोयोटात अभियंत्यांना शिकवणारे शिगेओ शिंगो हे गिलब्रेथ यांच्या लेखनाचे बारकाईने वाचन करणारे होते. टोयोटाच्या ताइची ओनो यांना मालाच्या पुरवठ्याची कल्पना अमेरिकी सुपरमार्केटवरून सुचली. गिऱ्हाइकाने वस्तू उचलली की तेवढीच पुन्हा फळीवर मांडायची. म्हणजे सेवा क्षेत्रातली रीत कारखान्यात गेली, आणि नंतर ‘लीन’च्या नावाने पुन्हा रुग्णालये आणि कार्यालयांत आली.

महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना असा विचार अनोळखी नाही. ऐंशीच्या दशकात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात राबवलेला ‘लखिना पॅटर्न’ बैठकव्यवस्था, अभिलेखांचे वर्गीकरण आणि नको ते कागद काढून टाकणे यांसाठी ओळखला गेला. सहा गठ्ठे पद्धतीतही चालू प्रकरणे, प्रतीक्षेतली प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद वेगळे ठेवायचे असतात. हे थेट गिलब्रेथ यांच्यापासून आले असे नाही. पण तपासणी आली की गठ्ठे बांधायचे आणि ती झाली की सोडायचे, हा अनुभव असलेल्यांना शिस्त टिकवणे हा शेवटचा टप्पाच सर्वांत अवघड का, हे वेगळे सांगायला नको.

त्यांच्या कामावर टीका काय होते?

प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम पद्धत असते, हा गिलब्रेथ दाम्पत्याचा विश्वास फार ताठर होता, असे अभ्यासक म्हणतात. वीट रचताना तो चालेल, पण रुग्णाशी किंवा तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी बोलताना एकच साचा चालत नाही. दुसरा आक्षेप असा, की त्यांची स्वयंपाकघरे गॅस आणि वीज कंपन्यांची उपकरणे खपवण्याच्या कामी आली, आणि घरकाम बाईनेच करायचे हे गृहीत धरूनच ते सोपे केले गेले. तिसरा आक्षेप कामगार संघटनांचा. दमणूक कमी झाली की मालक कामाचा वेग वाढवतो, मग वाचले काय? या आक्षेपांत तथ्य आहे. लिलियन सल्लागार होत्या. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात टाकायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधीच नव्हता.

आजच्या कार्यालयांनी त्यांच्याकडून काय घ्यावे?

पहिली गोष्ट क्रमाची. टेबलावर पट्ट्या चिकटवून स्टेपलरची जागा आखण्याआधी एका अर्जाचा संपूर्ण प्रवास कागदावर काढावा. जी नोंद मुळात लागतच नाही, तिची फाइल कितीही नीट लावली तरी श्रम वायाच जातात. दुसरी गोष्ट, काम करणाऱ्याला विचारावे. खिडकीवर बसणाऱ्याला माहीत असते, की रोज कोणता रकाना चुकतो आणि का चुकतो. तिसरी, टेबल स्वच्छ दिसते का, यापेक्षा संध्याकाळी माणूस किती दमतो आणि दारातल्या माणसाला किती वेळ थांबावे लागते, हे मोजावे. चौथी, वाचलेला वेळ कुठे जाणार, हे आधी सांगावे. तो रांगेतल्या माणसाशी नीट बोलायला आणि वेळेवर घरी जायला मिळणार असेल, तर कर्मचारी स्वतः सुधारणा सुचवतात. तो फक्त पदे कमी करायला वापरला जाणार असेल, तर मोहीम पहिल्या तपासणीनंतर संपते.

लिलियन गिलब्रेथ सत्तरी उलटल्यावरही शिकवत, लिहीत आणि प्रवास करत राहिल्या. १९४८ मध्ये त्यांच्या दोन मुलांनी लिहिलेले ‘चीपर बाय द डझन’ हे घरच्या आठवणींचे पुस्तक गाजले, त्यावर चित्रपट निघाला, आणि बहुसंख्य लोकांना त्या बारा मुलांची आई म्हणूनच माहीत झाल्या. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून गेलेल्या त्या पहिल्या महिला. १९६६ मध्ये अभियंत्यांचे हूव्हर पदक मिळवणाऱ्याही पहिल्या महिला त्याच. २ जानेवारी १९७२ रोजी अॅरिझोनातील फिनिक्स येथे वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या पुस्तकावर त्यांचे पूर्ण नाव छापायला प्रकाशक कचरला होता, त्यातला विचार साधा होता : कामाची पद्धत आखताना आधी काम करणाऱ्या माणसाकडे पाहावे. कार्यालयांतली प्रत्येक नवी मोहीम अजूनही याच जागी तपासून घ्यावी लागते.